गिब्ली की एस्पाडा, हा प्रश्न नंतरचा

बर्मिंगहॅमच्या एका 58 वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, इटलीतल्या मोदेना येथील जुन्या मोटारींच्या विक्रेत्याकडे मासेराटी गिब्ली 1 लाख 55 हजार पौंडांना आणि लॅम्बॉर्गिनी एस्पाडा 95 हजारांना मिळत आहे, तर संग्रहासाठी कोणती घ्यावी? त्यांचा पगार वर्षाला 55 हजार आहे आणि 62व्या वर्षी निवृत्त होण्याचा विचार आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "पेन्शन खात्यातले 2 लाख 40 हजार एकरकमी काढतो. दुसरी बचत नाही, पण मध्यस्थ म्हणतात, गाडी वर्षाला 10 टक्के वाढेल आणि नफ्यावर कर नाही."

महोदय, उत्तराची सुरुवात मला या शेवटच्या ओळींपासूनच करावी लागत आहे. त्या रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे 60 हजार, करमुक्त मिळेल; उरलेले 1 लाख 80 हजार मात्र त्याच वर्षीच्या पगारात मिळवले जातील. त्यातल्या काही भागावर 40 टक्के कर लागेल, 1 लाखाच्या पुढे करमुक्त मर्यादा विरघळत जात असल्याने प्रत्यक्षात 60 टक्के, आणि सव्वा लाखाच्या वर 45 टक्के. एकूण कर सुमारे 82 हजार. हाती आलेल्या 1 लाख 58 हजारांतून गिब्ली घेतली, तर आयातीवरचा 5 टक्के व्हॅट, म्हणजे जवळपास 8 हजार, भरायलाही पैसे पुरत नाहीत. शिवाय यापुढे पेन्शनमध्ये करसवलतीने भरण्याची मर्यादा वर्षाला 60 हजारांवरून 10 हजारांवर येईल. हीच रक्कम निवृत्तीनंतर दहा वर्षांत थोडी थोडी काढली, तर आजच्या दरांनी कर 25 हजारांच्या आत राहतो. आणि 62 ते 67 या पाच वर्षांत, सरकारी पेन्शन सुरू होण्यापूर्वी, घरखर्च कशातून चालणार? गाडी दरमहा काही देत नाही.

मध्यस्थाचे बोलणे मला अतिशय खटकले. भांडवली नफ्यावर कर नाही, हे खरे. पण तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही, हे त्यांनी सांगितलेले दिसत नाही. विमा, गॅरेज आणि देखभाल यांसाठी वर्षाला 5 हजार धरा, म्हणजे गिब्लीच्या किमतीच्या 3 टक्क्यांहून अधिक. वर्षाला 10 टक्के वाढीची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून काही विकत घेऊ नये.

आता गाड्यांविषयी. 1966मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात आलेली गिब्ली हे इटालियन डिझायनर जुजारो यांचे अप्रतिम रेखाटन आहे. तिचे व्ही-8 इंजिन दणकट आहे, मात्र मागचे सस्पेन्शन जुन्या पद्धतीच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर आहे. 1968ची, डिझायनर गांदिनी यांनी रेखाटलेली एस्पाडा खऱ्या अर्थाने चौघांची गाडी आहे, पण व्ही-12 इंजिन आणि इंधन व हवा मिसळणारे सहा वेबर कार्ब्युरेटर यांमुळे एका मोठ्या दुरुस्तीत किमतीचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. दोन्ही प्रकारच्या गाड्या प्रत्येकी बाराशेच्या आसपासच बनल्या, त्यामुळे केवळ दुर्मिळतेवरून निवड होत नाही. पुन्हा विकण्याच्या दृष्टीने मी गिब्लीला पसंती देईन, मात्र गंज आणि चासी (गाडीचा सांगाडा) स्वतंत्र तज्ज्ञाने तपासल्यावरच, आणि पेन्शनबाहेरच्या पैशातूनच.

तेवढा पैसा आज आपल्याकडे नाही. म्हणून बयाणा देऊ नये, पेन्शन काढण्याच्या अर्जावर सही करू नये, आणि पेन्शन वाइज या सरकारी सेवेची विनामूल्य भेट याच आठवड्यात ठरवावी.