वाचक विचारतात : कुणाच्या स्क्रीनवर काय दिसावं?

प्रश्न : दादा, आम्ही तिघं मित्र मिळून सर्कलमड या तयार गेमचा कोड घेऊन टेक्स्टवाला मल्टिप्लेअर गेम बनवतोय. मी एक 'नमस्कार' कमांड टाकली, पण ज्याला नमस्कार केला त्या महेशला दोन ओळी येतात, आधी 'सुरेशने तुला नमस्कार केला' आणि लगेच खाली 'सुरेशने महेशला नमस्कार केला'. डोकं फिरायची वेळ आलीय.
— एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, डोकं फिरवू नकोस, हे जवळपास प्रत्येकाचं होतं. सर्कलमड हा डिकूमडचा वंशज, आणि डिकूमड म्हणजे १९९० च्या आसपास कोपनहेगन विद्यापीठातल्या पोरांनी लिहिलेला टेक्स्टवाला गेम, तिथूनच ते 'अ‍ॅक्ट' नावाचं फंक्शन आलंय जे मेसेज कुणाला जाणार ते ठरवतं. त्याला शेवटी एक टाइप द्यावा लागतो. टू_कॅर म्हणजे करणाऱ्याला, टू_व्हिक्ट म्हणजे ज्याच्यावर केलं त्याला, आणि टू_रूम म्हणजे करणारा सोडून खोलीतल्या सगळ्यांना, आता 'सगळ्यांना' मध्ये महेशही आला ना! नाव वाचून वाटतं की बाकीच्यांसाठीच असेल, पण तसं नाहीये. तुला हवाय टू_नॉटव्हिक्ट, तो करणारा आणि महेश दोघांनाही वगळतो. म्हणजे एका कृतीला तीन अ‍ॅक्ट, तीन वेगळी वाक्यं, झालं. टू_रूम ठेव शिंकणं, नाचणं असल्या गोष्टींना, जिथे समोर कुणी ठराविक माणूस नसतोच.

आणि तीनही वाक्यांत सारखीच माहिती द्यायची असा काही नियम नाही, खरी गंमत तिथेच आहे. व्हिस्पर, म्हणजे कुजबुजायची कमांड बघ. कानात सांगितलेलं वाक्य फक्त ऐकणाऱ्याला जातं आणि खोलीतल्या बाकीच्यांना एवढंच कळतं की अमक्याने तमक्याच्या कानात काहीतरी सांगितलं. चोरीचा कोड तर उघडून वाचच, बेशुद्ध पडलेल्याच्या अंगावरची वस्तू काढली तर चोराला मेसेज, बघ्यांना मेसेज, आणि ज्याची गेली त्याला एक अक्षर नाही!

प्रश्न : आमच्या गेममध्ये अदृश्य व्हायचा स्पेल आहे. पण अदृश्य माणसाने काही केलं की सगळ्यांना 'कुणीतरी' म्हणून दिसतंच, मग अदृश्य होऊन फायदा काय?

उत्तर : अ‍ॅक्टचा दुसरा पॅरामीटर बघ, हाइड_इनव्हिजिबल. तो ट्रू ठेवलास तर टू_रूम आणि टू_नॉटव्हिक्टमध्ये ज्याला करणारा दिसत नाही त्याला ती ओळच जात नाही, फॉल्स ठेवलास तर ओळ जाते पण नावाच्या जागी 'कुणीतरी' येतं. आता सगळीकडे आंधळेपणाने ट्रू मारू नकोस हां. मूळ कोडमध्ये 'से' म्हणजे बोलायच्या कमांडला फॉल्स आहे, कारण माणूस दिसला नाही तरी आवाज तर येणारच. वस्तू उचलण्याला मात्र ट्रू, म्हणजे तलवार गपचूप जाते. हे मला स्वतःला तेवढंसं पटत नाही, समोरची तलवार हवेत उचलली गेली तर दिसायला पाहिजे राव! पण ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त एकदा ठरवलं की हातांनी करायच्या सगळ्या कमांडना तेच लावा, नाहीतर खेळणारे वैतागतात.

प्रश्न : एका मित्राची तक्रार आहे की बाकी सगळ्यांना मेसेज येतात आणि त्यालाच येत नाहीत. बग आहे का?

उत्तर : आधी विचार तो झोपलाय का, म्हणजे त्याचं कॅरेक्टर. झोपलेल्याला अ‍ॅक्टचे मेसेज जात नाहीत, आणि कुणी गेममधल्या बोर्डवर किंवा मेलमध्ये काही लिहीत बसलं असेल तर त्यालाही नाही, लिहिताना मधेच ओळी घुसू नयेत म्हणून. झोपेतही पोचायलाच हवं असं काही असेल तर टाइपला टू_स्लीप जोड, 'टेल' म्हणजे एकालाच निरोप द्यायच्या कमांडमध्ये तेच केलंय. जागा असूनही, काही लिहीत नसूनही आलं नाही, तर मग तुझा कोड पाठव, बघू.