शेऱ्याची चिंता सोडा, सप्टेंबरची तारीख पाहा

प्रश्न : मी अकरा वर्षं ट्रक चालवतो. अ‍ॅसिडचे ड्रम पोचवले की गोदामातली फोर्कलिफ्टही (ड्रम उचलून ठेवायची गाडी) मलाच चालवायला लावत. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रम उतरवताना फोर्कचं टोक ड्रममध्ये घुसलं. उजवा हात भाजला, एका डोळ्याची दृष्टी गेली. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला आणि थोडे पैसे देऊन ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही घेतली. माझ्या लायसन्सवरचा हॅझार्डसचा (धोकादायक माल नेण्याचा) शेरा तेव्हा संपलेला होता. ‘दावा केलास तर तूच अडकशील,’ असं ते म्हणतात. काय करू?

उत्तर : ‘तूच अडकशील’ या दोन शब्दांवर गप्प बसलेल्या ड्रायव्हरांची पत्रं मला सतत येतात. तुम्हीही दोन वर्षं होत आली तरी गप्प आहात, आणि खरा धोका त्यातच आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १० प्रमाणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा दाखल व्हावा लागतो. म्हणजे सप्टेंबर २०२६ च्या आत. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली खरी, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे, तेव्हा जुनीच मुदत धरून चाला. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण ‘मालकांनी घाबरवलं’ हे पुराव्यानिशी सिद्ध करत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

शेऱ्याचं म्हणाल तर तो ट्रक रस्त्यावर चालवण्यासाठी लागतो. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास बनावटीचं वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. तुमची फोर्कलिफ्ट आवाराबाहेर जात नसेल तर हा मुद्दा इथे लागूच होत नाही. रस्त्यावरच्या अपघातातसुद्धा, लायसन्स संपलेलं असताना, सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या बेली राम प्रकरणात विमा कंपनीला मोकळं केलं, पण जखमी ड्रायव्हरची भरपाई मालकावरच टाकली. शेरा नसलेल्या माणसाला अ‍ॅसिडच्या गाडीवर पाठवलं कोणी, याचं उत्तर मालकांनाच द्यावं लागेल. तुमच्या बाबतीत पैसे मालक देतील की विमा कंपनी, हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

सही केलेल्या कागदाची प्रत तुम्ही मागून घेतली नाहीत, याचा मला राग येतो. तरी त्या कागदाला घाबरू नका. हक्क सोडून देणारा करार १९२३ च्याच कायद्याच्या कलम १७ खाली निरर्थक ठरतो, आणि आयुक्तांकडे नोंदवलेली नसलेली तडजोड मालकाला पूर्ण भरपाईतून सोडवत नाही. दवाखान्याचा खर्चही भरपाईत वळता होत नाही, तो मालकाने वेगळा द्यायचाच असतो.

मला काळजी वाटते ती केसपेपरची. सुपरवायझर सोबत असला की ‘घरी पडला’ असं लिहून घेतलं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आजच जाऊन त्याची नक्कल घ्या. ‘फोर्कलिफ्ट तू चालव’ असे फोनवर आलेले मेसेज असतील तर जपून ठेवा, कारण ‘मनाई असताना चालवली’ हा बचाव येणारच. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का तेही पाहा. कापला जात असेल तर मार्ग बदलतो, मग हा दावा चालत नाही आणि लाभ ईएसआयकडून मागावे लागतात.

अपंगत्वाचा दाखला घेताना डॉक्टरांना तुमचं काम नीट सांगा. एका डोळ्याने अवजड गाडी चालवता येणार नसेल तर कमाईची किती ताकद गेली हे त्यावरून ठरायला हवं. हात गेलेल्या सुताराला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंग मानलं होतं. तुमच्या बाबतीत टक्केवारी किती धरतील, हे मी इथून सांगू शकत नाही.

निकालाला वर्षं लागतील. या विलंबाची मला चीड आहे. एवढंच की महिन्याच्या आत न दिलेल्या भरपाईवर १२ टक्के व्याज चढतं, दंड ५० टक्क्यांपर्यंत लागू शकतो, आणि रक्कम भरल्याशिवाय मालकाला अपील करता येत नाही. दावा तुम्ही राहता तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. कागद अपुरे असले तरी आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाकीचे कागद मागून जोडता येतील.