भाऊ अपघातात गेला. घर कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय, तीन आठवड्यांपूर्वी भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला. आई आणि वहिनी एकमेकींशी बोलत नाहीत. पाच वर्षांच्या पुतण्याला "बाबा गावाला गेलेत" असं सांगून ठेवलंय.

पुतण्याला आजच खरं सांगा. "झोपलेत" म्हणू नका, पोरं झोपायला घाबरतात. "बाबांना अपघातात खूप लागलं, त्यांचं शरीर बंद पडलं, ते मेले, आता परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झालं नाही." उद्या तो पुन्हा "कधी येणार?" विचारेल. न चिडता हेच शब्द पुन्हा.

आई-वहिनींमधला अबोला बहुधा जर-तरचा असतो: कुणी बाहेर पाठवलं, हेल्मेट का दिलं नाही. त्यात तेल ओततात भेटायला येणारे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर कुणीतरी म्हणतंच, "इच्छा राहिली असेल." मग एकेक जण हात जोडून "पोराला शिकवू", "आईला बघू" असं कबूल करतो आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा बायकोकडे. अहो, ऊन चढलेलं, शेजारी आणखी चार घरांचे पिंड, कावळ्यांची पोटं भरलेली! दर्भाचा कावळा करून शिवतातच की. सोय आहे तर नुकत्याच विधवा झालेल्या बाईला अर्धा तास आरोपी कशाला करायचं? तुमच्याकडे असं झालं असेल तर ते वाक्य अजून घरात फिरत असणार. आईसमोरच वहिनीला सांगा की ते चूक होतं.

कागद त्या दोघींकडे देऊ नका, तुम्ही घ्या. भावाचं पासबुक आजच बघा: मे-जूनमध्ये 20 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख असतात आणि दावा अपघातापासून 30 दिवसांत द्यायचा असतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्या, मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा. नाव आधारप्रमाणेच आहे ना, अक्षर न् अक्षर तपासा. दावे अनेकदा तिथेच अडकतात. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईच्या अर्जाची कायद्यातली मुदत 6 महिने, पण थांबू नका. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून 2 लाख मिळतात, त्याचा अर्ज वेगळा. सांत्वनाला येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणाऱ्याला चहाही देऊ नका.

हां, वहिनींचीच कावळ्यावर श्रद्धा असेल तर माझं ऐकून वाद घालू नका. आणि दोघींपैकी कुणी "मलाही जायचंय" म्हणाली, जेवण-झोप सुटली, तर वाट न बघता 14416 लावा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.