बासष्ट हात आणि मागचं दार

प्रश्न : मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं. समाजाच्या बैठकीत ठराव झाला, आमच्या घरी कुणी जायचं नाही, आम्हाला कार्याला बोलवायचं नाही. ६२ हात वर, विरोधात ४. धाकट्या जावेनेही हात वर केला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दाराशी भाकऱ्यांचं फडकं ठेवून गेली. थोरले दीर म्हणतात, ‘लोकशाही आहे, बहुमत मानावंच लागतं.’ खरं का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या दिरांना लोकशाहीतली फक्त बेरीज पाठ आहे. मंगल कार्यालय कुठलं घ्यायचं, वर्गणी किती, यावर खुशाल हात मोजावेत. मुलीने संसार कुणाशी करायचा, हा विषय बैठकीपुढे येतोच कुठे? घटनेत मूलभूत हक्क वेगळे काढून ठेवलेत, ते अशा मोजणीच्या तावडीतून सुटावेत म्हणूनच.

मोजणी तर सर्वोच्च न्यायालयातही चुकली. १९७६ साली, आणीबाणीत, अटकेतल्या माणसाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही, असं पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले. न्या. खन्ना एकटे विरोधात. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये तो निकाल चूक ठरवला. मधे ४१ वर्षं गेली.

पण मला तुमच्या जाऊबाईंचं जास्त पटलं. चारचौघांसमोर वर गेला तो हात धाकाचा. त्यांचं मत त्या फडक्यात होतं. निवडणुकीत मत द्यायला आडोशाला एकटं उभं करतात, ते दीर, सासरा, पुढारी कुणी डोकावू नये म्हणूनच. त्या ६२ मध्ये अशा भाकऱ्या आणखी किती जणींनी थापल्या असत्या, कोण जाणे.

(चार हुतात्मा चौकातून जाल तेव्हा दिरांना जरा थांबवा. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघे फासावर गेले. जातीच्या बैठकीला हे एका सतरंजीवर बसले असते का, विचारा.)

आता कामाचं. जातीच्या नावाने वाळीत टाकणं महाराष्ट्रात २०१६च्या कायद्याने गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे देता येते. मी वकिलीत असे ठराव वहीत लिहिलेले पाहिलेत, खाली सह्या-अंगठ्यांसकट. तुमचाही असेल तर आधी फोटो काढून घ्या. आणि भाकरीची गोष्ट तक्रारीत घालू नका. जाऊबाईंना त्याच घरात राहायचंय.