‘या वयात स्पर्धा हवी कशाला?’

मज्जारज्जूला इजा झालेली, चाळिशी ओलांडलेली व्यक्ती खेळाकडे वळू लागली की घरातून हमखास प्रश्न येतो: विरंगुळा म्हणून ठीक आहे, पण या वयात स्पर्धा हवी कशाला? सातारा जिल्ह्यातील एक दांपत्य हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विजेच्या खांबावरून पडल्यामुळे दोन्ही पायांतील बळ गेलेले, ४६ वर्षांचे हे गृहस्थ पॅरा तिरंदाजीच्या स्पर्धांत उतरू पाहत होते. पत्नी म्हणाल्या, “मॅडम, खर्चाचं एक वेळ बघू. पण हे हरून आले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले, तर मी काय करू?”

वयाची शंका लवकर मिटली. जम्मूजवळच्या कटऱ्याचे राकेश कुमार अपघातानंतर, तिशी उलटल्यावर या खेळात आले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये शीतल देवीसह मिश्र सांघिक गटात कांस्यपदक विजेते ठरले. शरीराबद्दल मात्र मी सावध होते. व्हीलचेअर ढकलणे, पलंगावरून खुर्चीत येणे हे सगळे खांद्यांवरच चालते, त्यामुळे घाईने जड धनुष्य ओढून खांदा दुखावला तर रोजचे स्वावलंबनच जाते. म्हणून पुनर्वसनतज्ज्ञांची तपासणी, सुरुवातीला हलके धनुष्य, आणि बराच वेळ बसल्याने दाबव्रण होऊ नयेत यासाठी ठरावीक वेळाने बैठक बदलणे, या अटी त्यांनी आधी मान्य केल्या.

मग ‘स्पर्धा हवी कशाला?’ हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. ते म्हणाले, “अपघातापासून मला कुणी चूक म्हणून दाखवत नाही. काहीही केलं तरी छान म्हणतात. तिथे बाण चुकला तर गुण जातो.” हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. खुल्या गटातील (म्हणजे अधिक तीव्र अपंगत्वासाठीच्या वेगळ्या गटांत न मोडणारे) पॅरा तिरंदाज रिकर्व्हने (टोके पुढे वळलेल्या धनुष्याने) ७० मीटरवर आणि कंपाउंडने (कप्प्या लावलेल्या धनुष्याने) ५० मीटरवर, म्हणजे इतर तिरंदाजांइतक्याच अंतरावर नेम धरतात. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये व्हीलचेअरवरूनच खेळल्या. सतत सांभाळून घेतल्या जाणाऱ्या माणसाला असे चोख मोजमाप हवेसे वाटणे हा हट्ट नव्हे. पत्नीची भीतीही खरी होती, म्हणून हरल्यानंतरच्या दिवसांत काय करायचे हे आम्ही तिघांनी आधीच बोलून ठेवले: समजूत घालण्याऐवजी पत्नीने गुण किती पडले ते विचारायचे, पण झोप उडाली, जेवण तुटले किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे शब्द कानी पडले, तर मला लगेच कळवायचे.

पहिल्या स्पर्धेत ते सुरुवातीलाच बाद झाले. ते गप्प असल्याचे पत्नीने काळजीने फोनवर सांगितले. मात्र ते जेवत होते, झोपत होते आणि गुणपत्रिका पुन्हा पुन्हा काढून पाहत होते, म्हणून आम्ही थोडे थांबायचे ठरवले.