मृत्यूची फाइल वाचताना

प्रिय डॉक्टर,

मृत्यू-परीक्षण समितीत तुझं नाव आलंय, म्हणून हे सविस्तर लिहितो. २०२१ च्या मार्च ते मे महिन्यांतल्या, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या फायली तुझ्यापुढे येतील. कितीतरी फायलींवर कारण एकच दिसेल: ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. श्वास आणि हृदय थांबलं म्हणजे माणूस गेला, एवढंच त्यातून कळतं. मृत्यू-प्रमाणपत्राच्या पहिल्या ओळीत एआरडीएस (फुफ्फुसं अचानक निकामी होणं), त्याखाली तो ज्यातून उद्भवला तो कोविड न्यूमोनिया, आणि मधुमेह, किडनीचा आजार दुसऱ्या भागात, अशी मांडणी हवी.

पण आजाराचं नाव कळल्यावर खरी चौकशी सुरू होते. प्रत्येक फाइलमधून वेळा काढून एका कागदावर उतरव. ताप कधी आला? गावच्या डॉक्टरकडे किती दिवस गेले? रेफर चिठ्ठी किती वाजताची? कॅज्युअल्टीत आला तेव्हा ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, किती होतं, आणि ऑक्सिजन लागला किती वाजता? भरतीनंतर २४ तासांत गेलेल्यांचा गठ्ठा वेगळा कर. त्यांच्यावर ‘पेशंट उशिरा आला’ असा शेरा मारून फाइल मिटवू नकोस. उशीर कुठं झाला ते लिही. या आजारात सॅच्युरेशन ८० पर्यंत घसरलेला माणूसही कधी कधी नीट बोलत असतो, दम लागत नाही, त्यामुळे घरच्यांना घाई वाटत नाही. पुढं अंतर आहेच. किनवट-माहूरकडून नांदेडला निघालेल्या रुग्णवाहिकेत छोटं बी-टाइप सिलिंडर असेल, तर त्यात साधारण १,५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला १५ लिटर सोडला तर १०० मिनिटांत संपला, तोही सिलिंडर पूर्ण भरलेलं असेल तर.

वॉर्डातला ऑक्सिजन मात्र तू स्वतः मोज. जम्बो सिलिंडरमध्ये ७,००० लिटर. १५ लिटरच्या मास्कवरचा एक पेशंट ते पावणेआठ तासांत संपवतो; नाकातून वेगाने ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो मशीन ६० लिटरवर असेल तर दोन तासही पुरत नाही. १० लिटरवरचे २० पेशंट म्हणजे तासाला १२,००० लिटर, जवळजवळ दोन जम्बो. आता रात्री सिलिंडर बदलायला एकच मामा (वॉर्डबॉय) असेल तर काय होईल, याचा विचार कर. मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडर जिथं पाइपलाइनला जोडतात तिथला, दाब उतरला की लाइनच्या शेवटच्या खाटांना आधी झळ बसते. मास्कची पिशवी चपटी पडते आणि मॉनिटर नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वॉर्डाचा नकाशा काढ, प्रत्येक मृत्यूची खाट आणि वेळ त्यावर मांड, रात्री २ ते ६ मधले वेगळ्या रंगात. ठिपके एका कोपऱ्यात जमले तर सिलिंडर बदलल्याचं रजिस्टर मागव.

आता हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट आले आहेत, पण ते विजेवर चालतात. जनरेटर त्यांचा भार घेतो का, हे बॅकअप सिलिंडर जोडून, वीज बंद करूनच तपासायला लाव.

नर्सिंग नोट्समध्ये ‘संडासात पडलेला आढळला’ अशी नोंद शोध. मास्क काढून संडासापर्यंत चालत गेलेला, आधीच सॅच्युरेशन ८८ असलेला माणूस तिथंच कोसळतो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. अशा वेळी बेडपॅन द्यायला मावशी (आया) होती का? जेवताना मास्कऐवजी नाकातून ऑक्सिजन देणारी नळी लावली का? आयसीयूत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट असावेत. त्या पाळीत किती होते, ते ड्युटी रजिस्टरवरून काढ.

औषधांत स्टेरॉइड बघ. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, याचा फायदा ऑक्सिजनवरच्यांना झाला. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना तो दिसला नाही. गावात तापाच्या दुसऱ्याच दिवशी ते सुरू झालं होतं का, आणि वॉर्डात स्टेरॉइडने वाढणारी रक्तातली साखर रोज तपासली का, एवढं पुरेल.

हे सगळं दोषी शोधायला करू नकोस. शिक्षेची भीती बसली की पुढच्या साथीत नोंदी खोट्या होतील आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही. सिस्टर, मामा, घरचे, सगळ्यांशी बोल. घरच्यांना फोन करताना आधी फायलीतून जे कळलं ते सांग, मग प्रश्न विचार.

प्रत्येक फाइलच्या शेवटी तीन रकाने ठेव: काय बदलायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या बैठकीत नवी फाइल उघडण्याआधी ते झालं का, हे विचार.

तुझा,
सर