ट्रस्टी व्हायला बोलावलंय ना, मग सही करायच्या आधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला. फोन करणार होतो पण हा विषय फोनवर आटपणारा नाही म्हणून लिहायला बसलोय, लांबेल, सवडीने वाच.

तुझ्या चित्रकार सरांच्या घरच्यांनी तुला त्यांच्या नावाच्या ट्रस्टवर घेतलं याचा मला मनापासून आनंद झाला. त्यांची स्केचबुकं, पत्रं, ते सगळं लावायला तूच होतीस, बाकीच्यांना तर कुठलं चित्र कुठल्या सालचं तेही सांगता येणार नाही. पण तू विचारलंयस की "सगळे मोठे लोक आहेत, मी वयाने सगळ्यात लहान, तिथे बसून मी करायचं काय". तर ऐक. मी आयुष्यभर ट्रस्टांची ऑडिटं केली, त्यामुळे मला चित्रातलं काही कळत नाही हे तुला माहितीच आहे, पण चित्रांच्या मागच्या कागदांतलं बऱ्यापैकी कळतं. आणि त्या कागदांवरून मी जी एक केस तुझ्यासारख्या प्रत्येकाला सांगतो ती तुलाही सांगणार, ती म्हणजे रॉथकोची.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको तुला मी काय सांगायचा, रंगांचे ते मोठेमोठे चौकोन तू माझ्यापेक्षा जास्त बघितले असशील. या माणसाला आपलं चित्र कुठे लागतंय याची भयंकर काळजी असायची. न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी त्याने चित्रं केली, मग तिथे जेवून आला आणि म्हणाला नाही देणार, आणि पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं पुढे लंडनच्या टेट म्युझियमला दिली, ती तिथे पोचली त्याच दिवशी, 25 फेब्रुवारी 1970 ला, इकडे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने जीव दिलेला होता. सहा महिन्यांनी बायकोही गेली. मागे मुलगी केट 19 वर्षांची, मुलगा ख्रिस्तोफर 6 वर्षांचा, आणि 798 चित्रं.

मृत्युपत्रात बहुतेक सगळं त्याच्या नावाच्या फाउंडेशनला होतं, जी त्याने आदल्याच वर्षी काढली होती. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तीन माणसं नेमलेली आणि हेच तिघं फाउंडेशनवर पण संचालक. तिघंही त्याचे जवळचे बरं का, कोणी परका नाही. पहिला बर्नार्ड रीस, अकाउंटंट, म्हणजे आमच्याच धंद्यातला. दुसरा थिओडोरोस स्टामोस, स्वतः चित्रकार. तिसरा मॉर्टन लेव्हाइन, मानववंशशास्त्राचा प्रोफेसर.

आता बघ काय झालं. मे महिन्यात, म्हणजे माणूस जाऊन तीन महिने पण झाले नव्हते, या तिघांनी मार्लबरो नावाच्या बड्या गॅलरीला 100 चित्रं 18 लाख डॉलरला विकली. त्यातले 2 लाख रोख आणि उरलेले 16 लाख बारा वर्षांत, हप्त्याने, बिनव्याजी. बिनव्याजी! आपल्याकडे सख्खा मेव्हणा पण बारा वर्षं बिनव्याजी मागायला लाजेल. आणि राहिलेली जवळपास 700 चित्रं त्याच गॅलरीकडे विकायला ठेवली, कमिशन 50 टक्के, दुसऱ्या डीलरांना विकलं तर 40.

का केलं असं? तर रीसभाऊ हे त्याच मार्लबरोच्या न्यूयॉर्क कंपनीचे डायरेक्टर, सेक्रेटरी आणि खजिनदार होते. विकणारेही तेच आणि घेणारेही तेच. स्टामोसची चित्रं फारशी चालत नव्हती आणि काही महिन्यांतच त्याचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट त्याच गॅलरीशी झालं. हे दोघं कळायला सोपे आहेत, असे लोक मला ऑफिसच्या खिडकीतून चालत येताना पण ओळखू येतात.

मला तुझ्याशी बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल.

लेव्हाइनला एक पैसा मिळाला नाही. गॅलरीशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट त्याला हे सगळं खटकत होतं, बाकीच्या दोघांचे हितसंबंध कुठे गुंतलेत ते त्याला माहीत होतं. पण वकिलाने सांगितलं ठीक आहे, सोबतचे दोघं अनुभवी, आणि याने सही केली. केटने 1971 मध्ये कोर्टात केस टाकली, पुढे सरकारतर्फे न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरलही त्यात उतरले कारण फाउंडेशन म्हणजे शेवटी लोकांची मालमत्ता. निकाल आला डिसेंबर 1975 मध्ये. तिघांनाही काढून टाकलं, करार रद्द, रीस, स्टामोस आणि गॅलरीवाल्यांवर मिळून 92 लाख 52 हजार डॉलरचा बोजा. आणि आपले प्रोफेसर, ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं, त्यांच्यावरही 64 लाख 64 हजारांची जबाबदारी. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की बाबा तू लबाड नव्हतास हे मान्य, पण शेजारी काय चाललंय ते तुला दिसत होतं, आणि साधारण शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी पण तू घेतली नाहीस, वकिलाने सांगितलं हे कारण पुरत नाही. 1977 ला वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं.

तर तू रीस होशील अशी मला अजिबात भीती नाही. तुझा धोका लेव्हाइन होण्याचा आहे. कारण तुला पण लोकांना दुखवायला आवडत नाही, मोठ्यांसमोर तू गप्प बसतेस, आणि तुझ्या मेसेजमध्ये सहज एक वाक्य येऊन गेलंय की "एक ट्रस्टी गॅलरीवाले आहेत, पण खूप चांगले आहेत, सरांवर त्यांचा फार जीव होता". असेल ना. रीसचाही असेल, दोघं जुने दोस्त होते. जीव असण्या नसण्याचा इथे प्रश्नच नाही. ते गॅलरीवाले असूनही ट्रस्टवर राहू शकतात, त्यांचा उपयोगच होईल, फक्त विक्रीचा विषय निघाला की त्यांनी आधी सांगायचं की माझा यात संबंध आहे, मग बाहेर जाऊन बसायचं, आणि हे सगळं मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, लिहिलेलं पाहिजे. तोंडी नाही, लिहिलेलं. त्यांना हे सांगताना तुला अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

आता आपल्याकडचं. तुम्हाला वाटतं की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणजे सगळं सुरक्षित. अर्धवट खरं आहे. आपल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम 36 आहे, त्यानुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. स्थावर म्हणजे जमीन, वाडा, फ्लॅट. चित्र ही जंगम वस्तू. म्हणजे सरांच्या स्टुडिओची मागची खोली विकायची तर फाईल, जाहिरात, सुनावणी, चपला झिजतात, आणि त्याच खोलीतली पन्नास चित्रं एका संध्याकाळी टेम्पोत घालून निघाली तर त्या कलमाला पत्ता नाही, भले त्या चित्रांची किंमत खोलीच्या दसपट का असेना. तिथे अडवणारं कोण, तर ट्रस्ट डीडमधली, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तातली, अट, असली तर, आणि टेबलाभोवतीची माणसं.

म्हणून पहिल्यांदा धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा उतारा काढायला लाव. त्यात ट्रस्टी कोण आणि मालमत्ता काय ते असतं. मी बघितलेल्या बहुतेक उताऱ्यांत जंगमच्या रकान्यात सुरुवातीला भरलेली हजार-पाच हजाराची रक्कम तेवढी असते, चित्रांचा पत्ताच नाही, आणि सरांच्या बाबतीत चित्रं ट्रस्टची की मुलांची हेच कदाचित कुणी लिहून ठेवलं नसेल. घरातल्या भिंतीवर आहेत, सगळे "आपलीच" म्हणतात, आणि पुढची पिढी आली की "आपली" म्हणजे नक्की कुणाची यावर भांडणं. चित्र एकाचं आणि त्याच्या छपाईचे हक्क दुसऱ्याचे असंही असू शकतं, कॉपीराइट वेगळा चालतो, चित्रकार गेल्यानंतर 60 वर्षं. कॅलेंडर छापणारे येतील तेव्हा सही कुणाची लागेल ते आत्ताच लिहून घ्या. आणि तुझं नाव ट्रस्टी म्हणून लागलं की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची माहिती, जायला हवा, तो गेला का ते तू स्वतः विचार, लोक मीटिंगचे पेढे खातात आणि रिपोर्ट टाकायला विसरतात.

यादी कर. प्रत्येक चित्राचा पुढून फोटो, मागून फोटो, माप, साल, सही कुठे आहे, कुठे विकलं गेलं असेल तर पावती. कंटाळवाणं काम आहे पण ते तुझ्याशिवाय कुणाला येणारही नाही, आणि ट्रस्टमध्ये ज्याच्याकडे यादी त्याचं ऐकावंच लागतं, हे मी तुला गुपचूप सांगतोय.

यादी झाली की दुसरं सुरू होईल, लोक चित्रं घेऊन दारात येतील की हे सरांचं आहे ना, सर्टिफिकेट द्या. 2009 मध्ये दिल्लीत चित्रकार रझांच्या सुरुवातीच्या कामाचं प्रदर्शन लागलं, स्वतः रझा तिथे गेले आणि बघतात तर भिंतीवर नकली चित्रं. चित्रकार जिवंत असताना ही कथा, तो गेल्यावर काय. अमेरिकेत चित्रकार अँडी वॉरहॉलच्या फाउंडेशनने त्याची चित्रं खरी की खोटी ते ठरवायला बोर्ड नेमलं होतं, पण ज्यांची चित्रं नापास झाली ते कोर्टात गेले, वकिलांवर साधारण 70 लाख डॉलर गेले आणि शेवटी 2011 मध्ये त्यांनी बोर्डच बंद करायचं ठरवलं, म्हणाले हे पैसे कलाकारांना दिलेले बरे. तेव्हा तुम्ही सर्टिफिकेटच्या भानगडीत एवढ्यात पडूच नका. आमच्या यादीत आहे किंवा नाही, एवढंच सांगायचं.

रॉथकोची गोष्ट मी अर्धी सोडली. लोक नेहमी कोर्टापर्यंतच सांगतात, मला पुढची जास्त आवडते. जुने संचालक गेल्यावर फाउंडेशनवर नवीन माणसं आली, अध्यक्ष डोनाल्ड ब्लिंकन, बँकिंगवाले गृहस्थ, रॉथकोची चित्रं जमवणारे (अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते ना अँटनी ब्लिंकन, त्यांचे वडील). वारशाची साधारण निम्मी चित्रं मुलांकडे गेली, निम्मी फाउंडेशनकडे. आता या नव्या मंडळींना काय करता आलं असतं बघ, दरवर्षी थोडी थोडी विकून ऑफिस, पगार, डिनर, सगळं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असतं. त्यांनी चित्रं नीट करून घेतली आणि वाटून टाकली. मोठा हिस्सा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला, जवळपास 300 चित्रं आणि शिवाय शेकडो स्केचेस, बाकीची इतर म्युझियमना, आणि मग फाउंडेशनच गुंडाळली. काम झालं, दुकान बंद. आपल्याकडे ट्रस्ट बंद करणं म्हणजे घराण्याची अब्रू गेल्यासारखं मानतात, त्यामुळे हे कुणी सुचवणारसुद्धा नाही, पण तू हा पर्याय डोक्यात ठेव. सरांची तीनशे-चारशे चित्रं असतील, पावसाळ्यात त्या माळ्यावर बुरशी येतेच, जेजेला किंवा एखाद्या चांगल्या म्युझियमला नीट करार करून दिली तर काय वाईट?

सगळ्यांनी बंदच करावं असं नाही म्हणत मी. रझांनी 2001 मध्ये हयातीतच फाउंडेशन काढलं, आणि चालवायला घेतले अशोक वाजपेयी, चित्रकार नाही, कवी. त्यामुळे तिथे नुसती रझांची आरती होत नाही, हिंदीतल्या तरुण लेखकांचे मेळावे होतात, पुस्तकमाला निघते, आणि 2023 ला पॅरिसच्या पॉम्पिडू सेंटरमध्ये रझांचं मोठं प्रदर्शनही झालं. पुलंच्या प्रतिष्ठानचंही बघ, 1986 ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं त्याला सुरुवातीचे पैसे तिथून आले, व्यसनमुक्तीचा आणि विनोदी लेखनाचा काय संबंध, पण दिले. तुमच्या बोर्डावर सगळे सरांचे नातेवाईक आणि शिष्य आहेत, एखादा बाहेरचा माणूस हवाच, ज्याला सरांना "सर" म्हणायची सवय नाही असा.

केटचं पुढे काय झालं विचारशील. एवढी लहान पोरगी, कोर्टात वर्षानुवर्षं उभी राहिली, वारशाची व्यवस्था शेवटी तिच्याकडेच आली. भावाबहिणीने बापाचं एक हस्तलिखित 2004 मध्ये छापून आणलं, आणि लाटव्हियात बाप जिथे जन्मला त्या गावात 2013 ला त्याच्या नावाचं सेंटर उघडलं, तिथे अस्सल चित्रं मुलांनीच दिली. वयाने लहान असण्याचं तू रडगाणं लावलंस म्हणून हे.

बरं, कामाचं. रविवारच्या मीटिंगच्या आधी ट्रस्ट डीड मागून घे, "नंतर देऊ" म्हणाले तर सही पण नंतर करू म्हण, हसत म्हण. डीड मिळाली की पानापानाचे फोटो मला पाठव, उद्देशाचं कलम मोघम असेल तर तिथेच पहिली दुरुस्ती सुचवू. रॉथकोच्या वेळीही फाउंडेशन नक्की कशासाठी यावरच वाद झाला होता, मित्र म्हणत चित्रं एकत्र राहावीत म्हणून, संचालक म्हणत वयस्कर कलाकारांना मदत म्हणून. शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट पण माग, ते मी बघतो. आणि त्या गॅलरीवाल्यांनी सरांची किती चित्रं सध्या स्वतःकडे "ठेवायला" नेलीत, ते घरच्यांना आधी एकटीने विचार, मीटिंगमध्ये नको.

तुझा,
काका